लूव्रमध्ये तीन तास: काय पाहावं, काय खुशाल सोडावं

पत्र: *मे महिन्यात मुलाकडे पॅरिसला चाललो आहोत. रविवारी दुपारी पोचू, गुरुवारी रात्री परत निघू. त्यात लूव्र संग्रहालयासाठी जेमतेम तीन तास मिळतील. सोबत यजमान आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, आणि नऊ वर्षांचा नातू आहे. मुलगा म्हणतो, "मोनालिसा बघा आणि बाहेर पडा, बाकी काही होणार नाही." मला चित्रकलेची आवड आहे, पण शिक्षण काही नाही. इतक्या लांब जायचं आणि एकच चित्र बघून यायचं हे मनाला पटत नाही. तीन तासांत जास्तीत जास्त कसं पाहता येईल? तिकीट कुठून काढावं? आणि आपल्याकडचं, भारतातलं काही तिथे आहे का? — एक वाचक, मिरज*

ताई,

"जास्तीत जास्त कसं पाहता येईल" हा प्रश्नच आधी बदलू या, कारण तिथेच सगळ्यांचा घात होतो. लूव्रमध्ये मांडलेल्या वस्तू सुमारे ३५ हजार आहेत. प्रत्येकीसमोर नुसते १० सेकंद थांबायचं म्हटलं, तरी न जेवता न झोपता ९७ तास लागतील. म्हणजे तीन तास काय आणि तीन दिवस काय, सगळं पाहणं कुणालाच जमत नाही. मग धावपळ करून ५० गोष्टींवरून नजर फिरवायची, की दहा-बारा गोष्टी नीट पाहायच्या? आमचं मत दहा-बारांच्या बाजूने आहे, आणि त्यांत मोनालिसा असली तरी ती सगळ्यात महत्त्वाची नाही. मुलाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे: यादी आखूड हवी. फक्त ती एका नावाची नको.

वार आणि वेळ

लूव्र मंगळवारी बंद असतं. १ मे रोजीही बंद असतं. एरवी सकाळी ९ ते संध्याकाळी ६ उघडं, पण बुधवारी आणि शुक्रवारी रात्री ९ पर्यंत. तुमच्या मुक्कामात बुधवार येतोय, तो सोडू नका. सहलींच्या बसगाड्या आणि शाळांची मुलं संध्याकाळपर्यंत निघून गेलेली असतात आणि गर्दी हळूहळू उतरत जाते. मात्र ९ ला बंद म्हणजे ९ पर्यंत पाहता येईल असं नाही. शेवटच्या अर्ध्या तासात कर्मचारी दालनं रिकामी करायला लागतात, म्हणून हिशेब साडेआठपर्यंतचाच धरा. संध्याकाळी ५ ची वेळ घेतलीत तर तीन तास पाहायला आणि अर्धा तास बसायला मिळेल. गुडघे दुखणारं माणूस सोबत असताना तो अर्धा तास चैन नव्हे, गरज आहे.

तिकीट फक्त लूव्रच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढा. गूगलवर शोधलं की वर-वर दलालांची पानं येतात. तीच तिकिटं जास्त पैशांना विकली जातात आणि वर "रांग टाळा" असं आमिष दाखवलं जातं. सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच टळत नाही. जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या प्रौढांना ३२ युरो पडतात. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, पण नातवासाठीही शून्य युरोचं तिकीट काढून वेळ राखून ठेवा. तिकिटावरच्या वेळेपासून अर्ध्या तासाच्या आत पोचावं लागतं. पासपोर्ट जवळ ठेवा. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी ६ नंतर सर्वांना मोफत प्रवेश असतो (जुलै-ऑगस्ट सोडून), पण ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्याने त्या दिवशी मुळीच जाऊ नये. वाचलेले पैसे गर्दीत वसूल होतात.

आणखी दोन गोष्टी आदल्या रात्री करायच्या. एक, संकेतस्थळावर त्या दिवशी कोणती दालनं बंद आहेत ते पाहायचं. कर्मचारी कमी असले की काही भाग बंद ठेवतात, आणि संप झाला तर संग्रहालय उशिरा उघडतं किंवा उघडतच नाही. दोन, लूव्रच्या ऑनलाइन संग्रह-यादीत आपल्या यादीतल्या वस्तूंची नावं टाकून प्रत्येकीचा दालन क्रमांक कागदावर लिहून घ्यायचा. एखादी वस्तू दुसऱ्या संग्रहालयाला उसनी दिली असेल किंवा दुरुस्तीला गेली असेल तर तिथेच कळतं. तीन तासांतली वीस मिनिटं रिकाम्या भिंतीच्या शोधात घालवण्यापेक्षा हे बरं.

आत कसं शिरायचं

काचेच्या पिरॅमिडसमोरची रांग उन्हात किंवा पावसात असते. मेट्रोच्या १ किंवा ७ क्रमांकाच्या मार्गावर पाले-रुआयाल म्यूझे द्यू लूव्र या स्थानकावर उतरा आणि जमिनीखालच्या कारुझेल या दुकानांच्या भागातून या. हे दार रिव्होली रस्त्यावर ९९ क्रमांकाला आहे. आडोसा मिळतो आणि रांग बहुधा आखूड असते. तिकिटाच्या वेळेच्या अर्धा तास आधी तिथे उभे राहा.

५५ × ३५ × २० सें.मी.पेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही. लहान बॅगा आणि जाकिटं ठेवायला फुकट कप्पे आहेत, ते वापराच. सुरुवातीला खांद्यावरचं ओझं काही वाटत नाही, दोन तासांनी मान धरते. पाण्याची बाटली चालते, पण दालनात खाता येत नाही, आणि एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत सोडत नाहीत. म्हणून दुपारी ४ च्या सुमाराला शेजारच्या त्विलरी बागेत बसून डबा खाऊन घ्या. तिथल्या हिरव्या लोखंडी खुर्च्या फुकट आहेत, हव्या तिथे ओढून बसता येतं. नातवाला भूक लागली की पुढचं कुठलंही चित्र दिसेनासं होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

यजमानांसाठी चौकशीच्या खिडकीवर चाकाची खुर्ची मोफत मिळते, ओळखपत्र ठेवावं लागतं. "मला कशाला खुर्ची" असं ते म्हणतील. पहिला तास नको असेल तर नको, पण ती मिळते हे लक्षात असू द्या. लिफ्ट आहेत, पण जिन्याला लागून नसतात, वळसा पडतो. नकाशावर लिफ्टच्या खुणांभोवती पेनाने गोल करून ठेवा.

पिरॅमिडखालच्या मोठ्या सभागृहातून तीन दारं तीन विंगांकडे जातात: रिशलिय, स्यूली आणि दनों. प्रत्येक विंगेच्या तोंडाशी तिकीट पुन्हा तपासतात, त्यामुळे ते हाताशीच ठेवा. एका विंगेतून सभागृहात उतरून दुसरीत चढता येतं. दालनांचे आकडे तीन अंकी असतात. ७०० च्या घरातली दनोंच्या पहिल्या मजल्यावर, २०० च्या घरातली रिशलियच्या तळमजल्यावर, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी चुकामूक टळते. बहुतेक लोक सभागृहात उतरताच मोनालिसाच्या पाट्यांमागे दनोंत घुसतात. तुम्ही उलट्या बाजूने सुरुवात करा.

पहिला तास: रिशलिय

शिरताच काचेच्या छताखालची दोन अंगणं लागतात, मार्ली आणि प्युजे. दोन्हीकडे फ्रेंच शिल्पं आहेत, भरपूर उजेड आहे, बसायला बाकं आहेत आणि गर्दी कमी. इथे पाच मिनिटं नुसतं बसा, डोळे सरावतात.

तिथून तळमजल्यावर २२९ क्रमांकाच्या दालनात जा. हे खोर्साबादचं अंगण. आजच्या इराकमध्ये अश्शूरचा राजा दुसरा सारगोन याने इ.स.पूर्व आठव्या शतकात राजवाडा बांधला, त्याच्या दारावरचे पंखधारी बैल इथे उभे आहेत. माणसाचं तोंड, बैलाचं धड, गरुडाचे पंख आणि उंची ४ मीटरच्या वर. नातवाला काही सांगू नका, फक्त बैलाचे पाय मोजायला लावा. समोरून दोन दिसतात, बैल थबकून उभा. बाजूने चार दिसतात, बैल चालतोय. कोपऱ्यावर उभं राहिलं की पाच भरतात! कारागिराला दोन्ही बाजूंनी प्राणी पुरा दिसायला हवा होता, म्हणून त्याने एक पाय जास्तीचा कोरला. शिल्प कुठून पाहायचं याचा विचार घडवणाऱ्याने आधीच केलेला असतो, हे मुलाला अशा मोजणीतून आपोआप कळतं, आणि मग पुढच्या प्रत्येक शिल्पाभोवती तो स्वतःहून चक्कर मारतो.

शेजारीच, २२७ मध्ये, हम्मुराबीची शिळा आहे. २.२५ मीटर उंचीचा काळा बेसाल्ट. सह्याद्रीच्या माणसाला दगड ओळखीचाच. बाबिलोनच्या या राजाने इ.स.पूर्व अठराव्या शतकात कायदे कोरून घेतले. वरच्या भागात राजा उभा आहे आणि समोर न्यायाचा देव शमाश, म्हणजे सूर्य, बसलेला आहे. देवाच्या खांद्यांतून किरणं निघालेली दिसतात. खाली सगळीकडे, मागेसुद्धा, बारीक खिळ्यांसारखी लिपी आहे. लोक वरचं चित्र पाहून पुढे जातात. तुम्ही समोरच्या बाजूला खाली पाहा: एक पट्टा सपाट, रिकामा आहे. इ.स.पूर्व बाराव्या शतकात आजच्या इराणमधल्या एलाम राज्याच्या राजाने ही शिळा लुटून सुसा या शहरी नेली आणि त्या जागेवरचा मजकूर घासून काढला. त्याला बहुधा स्वतःचं नाव घालायचं होतं. ते राहूनच गेलं.

एवढं झालं की सभागृहात परता आणि दहा मिनिटं बसा. स्वच्छतागृह विंगेच्या आत दिसलं तिथेच उरका, सभागृहातली रांग लांब असते.

थकवा कशाने येतो

मध्येच हे सांगतो, कारण पुढचे दोन तास यावर अवलंबून आहेत. संग्रहालयात माणूस चालून दमत नाही, रेंगाळून दमतो. बोस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन आइव्ज गिलमन यांनी १९१६ मध्येच यावर लिहिलं होतं. वाकणं, मान वर करणं, पाट्या वाचायला गुडघ्यात झुकणं, यानेच दर्शकाचं त्राण जातं, असं त्यांनी छायाचित्रांसह दाखवलं. तेव्हा पाट्या वाचू नका. लूव्रमधल्या बहुतेक पाट्या फ्रेंचमध्येच आहेत. पाटीचा फोटो काढा, रात्री मुलाच्या घरी फोनमधून भाषांतर करून वाचा. एका चित्रासमोर थांबायचं तर ऐसपैस थांबा, आणि दोन चित्रांच्या मधलं अंतर सरळ चालत जा. वाटेतल्या प्रत्येक चित्राकडे मान वळवलीत तर शेवटचं चित्र येईपर्यंत तुम्ही काही पाहण्याच्या अवस्थेत नसाल.

आवड आहे पण शिक्षण नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्याची अडचण नाही. चित्रासमोर पहिलं मिनिट काही वाचू नका, ऐकू नका, फोटोही काढू नका. उजेड कुठून येतोय ते शोधा. मग चित्रातली माणसं कुणाकडे पाहताहेत ते शोधा. मग जवळ जाऊन एखादा कोपरा पाहा आणि पुन्हा मागे या. तीन मिनिटं जातात. एवढ्यात जे दिसतं ते माहिती सांगणारं यंत्र (ऑडिओगाइड) कानाला लावून फिरणाऱ्यांना दिसत नाही, कारण त्यांचं लक्ष आवाजाकडे असतं.

दुसरा तास: स्यूली

स्यूलीत शिरल्यावर जमिनीखाली जुन्या किल्ल्याचा पाया लागतो. लूव्र मुळात राजा फिलिप ऑग्युस्त याने १२०० च्या आसपास बांधलेला किल्ला. खंदकातून चालत असल्यासारखं वाटतं. भिंतीच्या चिऱ्यांवर पाथरवटांनी कोरलेल्या खुणा आहेत, त्यात बदामाचा आकारही आहे. नातवाला शोधायला लावा. पुढे तळघरात ३३८ क्रमांकाला इजिप्तमधल्या तानिसचा स्फिंक्स, म्हणजे माणसाच्या डोक्याचा सिंह, बसलाय: गुलाबी ग्रॅनाइट, लांबी ४.८० मीटर, वजन सुमारे १२ टन. एका राजाने घडवला आणि नंतरच्या राजांनी त्यावर आपापली नावं कोरून घेतली.

यजमानांचे गुडघे इथे कुरकुरणार असतील तर खंदक आणि स्फिंक्स दोन्ही सोडा. नंतर जिने चढावे लागतात. वगळायचंच असेल तर आम्ही हेच वगळू.

तळमजल्यावर ३४५ मध्ये मिलोची व्हीनस, ग्रीक प्रेमदेवतेची मूर्ती. १८२० मध्ये एजियन समुद्रातल्या मिलो बेटावर सापडली, उंची २.०४ मीटर. समोर नेहमी घोळका असतो, म्हणून बाजूने जा आणि मागे फिरा. मूर्ती संगमरवराच्या दोन मोठ्या तुकड्यांची आहे. कमरेवर जिथे वस्त्राच्या चुण्या सुरू होतात तिथे जोड लपवलाय, बारकाईने पाहिलं तर रेघ दिसते. धातूचे दागिने अडकवायला पाडलेली भोकंही आहेत. ही पांढरीशुभ्र बाई एके काळी दागिन्यांनी सजलेली होती, म्हणजे आपल्या देवळातल्या मूर्तीपेक्षा काही वेगळी नव्हे.

तिसरा तास: दनों

तिथून दनोंच्या मोठ्या जिन्याकडे. जिन्याच्या माथ्यावर, ७०३ मध्ये, समोथ्रेसची विजयदेवता जहाजाच्या नाळेवर उतरते आहे. इ.स.पूर्व १९० च्या सुमाराची, १८६३ मध्ये तुकड्यातुकड्यांत सापडली. डोकं नाही, हात नाहीत. लोक जिन्याच्या मधोमध उभं राहून फोटो काढतात. ती जागा चुकीची आहे. ही मूर्ती तिच्या डाव्या अंगाने, म्हणजे आपण तोंड करून उभं असताना उजवीकडून तिरकं पाहण्यासाठी घडवली आहे. उजवं अंग आणि पाठ कारागिराने तितकीशी घडवलेली नाही, आणि उजवा पंख तर डाव्यावरून केलेला प्लास्टरचा आहे. जिना चढून उजवीकडे सरका. मग पोटावर वाऱ्याने चिकटलेलं ओलं वस्त्र आणि मांडीमागे फडफडणारा पदर नीट दिसतो. १९५० मध्ये सापडलेला तिच्या उजव्या हाताचा पंजा जवळच काचेच्या पेटीत आहे. यजमानांना जिना जमत नसेल तर कर्मचाऱ्याला लिफ्ट विचारा, नुसतं "असान्सर" म्हटलं तरी हात दाखवतात.

मग ७०० आणि ७०२ ही लाल भिंतींची दोन प्रचंड दालनं. तिथे तीनच चित्रं पाहा. जेरिकोचा 'मेदुझाचा तराफा' (१८१९): बुडालेल्या जहाजातली माणसं तराफ्यावर, काही मेलेली, काही हात हलवणारी. ती कुणाला हाक मारताहेत ते क्षितिजावर उजवीकडे शोधा. नखाएवढं जहाज आहे, न सांगता दहातल्या नवांना दिसत नाही. चित्र इतकं काळवंडलंय ते जेरिकोने रंगात डांबर वापरल्यामुळे. ते वाळत नाही, काळं पडत जातं. त्याच दालनात दलाक्रुआचं, हाती फ्रान्सचा तिरंगा घेतलेल्या स्वातंत्र्यदेवीचं १८३० चं चित्र आहे. त्यावरचा पिवळा पडलेला व्हार्निश काढून ते २०२४ मध्ये परत लावलं, त्यामुळे जुन्या पुस्तकांतल्या छपाईपेक्षा आकाश आणि धूर बराच उजळ दिसेल. ७०२ मध्ये दाव्हिदचा नेपोलियनचा राज्याभिषेक, सुमारे ६ × १० मीटर. मधोमध सज्जात बसलेली बाई नेपोलियनची आई. ती समारंभाला आलीच नव्हती. चित्रात तिला बसवण्यात आलं.

आता मोनालिसा

दनोंच्या लांबलचक मोठ्या गॅलरीतून, ७१० मधून जाल तेव्हा थांबा. इथे लिओनार्दोचीच आणखी चित्रं लागतात: 'खडकांमधली मेरी', 'संत ॲन'. समोर रांग नाही, अडसर नाही. ओठांच्या आणि गालांच्या कडा धुरासारख्या विरघळवण्याची लिओनार्दोची हातोटी मोनालिसात पाहायची असते असं सगळे सांगतात, पण ती प्रत्यक्ष दिसते इथे, चार पावलांवरून. पलीकडच्या दालनातल्या रांगेत शिरण्यासाठी लोक या चित्रांना पाठ दाखवून धावतात. तुम्ही दहा मिनिटं इथे द्या.

७११ मध्ये मोनालिसा आहे. ७७ × ५३ सें.मी.ची पॉप्लरची फळी, गोळीरोधक काचेमागे, कठड्यापासूनही काही मीटर लांब. दोरांमधून नागमोडी रांग सरकते, पुढे पोचल्यावर अर्धा-एक मिनिट मिळतं आणि कर्मचारी पुढे सारतात. रात्री ८ च्या सुमाराला रांग आखूड असेल तर नातवाच्या समाधानासाठी लागा. लांब असेल तर कडेला उभं राहून, रांगेबाहेरून पाहा आणि सोडून द्या. मुद्रितात ती तुम्ही कितीदा पाहिली आहे, आणि मुद्रितात ती जास्त स्पष्ट दिसते.

आता मागे वळा. मोनालिसाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझचं 'काना गावचं लग्न' आहे, १५६३ चं, ६.७७ × ९.९४ मीटर. लूव्रमधलं हे सर्वात मोठं चित्र, यात क्षेत्रफळाने दीडशेहून जास्त मोनालिसा मावतील. दालनातल्या बहुतेकांची त्याकडे पाठ असते, त्यामुळे एवढं मोठं चित्र निवांत पाहायला मिळतं. तुमचा उरलेला वेळ इथेच घालवा.

बायबलमधली गोष्ट अशी: लग्नात दारू संपली, आणि येशूने रांजणांतल्या पाण्याची दारू केली. व्हेरोनेझने ती व्हेनिसमधल्या एका मठाच्या भोजनगृहासाठी रंगवली आणि थाट सगळा व्हेनिसच्या श्रीमंतांचा घातला. शंभरावर माणसं आहेत. आधी नवरा-नवरी शोधा. सापडायची नाहीत, कारण ती टेबलाच्या अगदी डाव्या टोकाला, पाहुण्यांच्या गर्दीत दबून बसली आहेत. आपल्याकडच्या लग्नातही वेळ आली की हेच होतं. मधोमध येशू आहे, आणि एवढ्या गोंधळात तो एकटाच सरळ आपल्याकडे पाहतोय. त्याच्या डोक्यावर, वरच्या सज्जात, आचारी मांस कापताहेत. ती सूचना आहे, त्याच्या पुढच्या बलिदानाची. त्याच्या खाली वाजवणारे बसलेत आणि त्यांच्या मेजावर वाळूचं घड्याळ आहे. आपली वेळ अजून यायची आहे, असं येशू या प्रसंगी म्हणतो, त्यासाठी. चमत्कार कुठे घडतोय? उजवीकडे खाली पिवळ्या कपड्यातला नोकर रांजण तिरपा करून ओततोय, धार लाल आहे. चमत्कार त्या नोकराच्या हातात आहे आणि टेबलावरच्या कुणाचंच तिकडे लक्ष नाही. नातवाला उजव्या कोपऱ्यातलं मांजर शोधायला सांगा.

१७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने हे कापड मठाच्या भिंतीवरून उतरवून पॅरिसला आणलं. व्हेनिसने ते पुढे परत मागितलं, मिळालं नाही.

थोडक्यात काही राहिलेलं

दीड तासच मिळत असेल, टूरसोबत गेलेल्यांचं बहुधा असंच होतं, तर रिशलिय पूर्ण सोडा. व्हीनस, विजयदेवता, ७०० क्रमांकाचं दालन आणि 'काना गावचं लग्न', एवढंच. फ्लॅश, सेल्फी काठी आणि तिकाटणं चालत नाही. पिरॅमिडच्या बाहेर कागदावर सही मागणाऱ्या मुली आणि जमिनीवरून "सापडलेली" अंगठी दाखवणारी माणसं यांच्याशी बोलणंच नको, तोवर दुसरा हात पर्समध्ये गेलेला असतो. मोनालिसाच्या दालनातही पर्स पुढे धरा. आणि मोने, व्हॅन गॉग वगैरे पाहायची इच्छा असेल तर लूव्रमध्ये शोधत बसू नका. १८४८ ते १९१४ या काळातली चित्रं नदीपलीकडे ओर्से संग्रहालयात आहेत, ते सोमवारी बंद असतं.

भारतातलं काही आहे का, हे तुम्ही विचारलंत. लूव्रच्या इस्लामी कला विभागात मुघल काळातल्या काही वस्तू आहेत, घोड्याच्या मुंडक्याची मूठ असलेला खंजीर त्यातलाच. पण मूर्ती, देवळातली शिल्पं यांतलं काही तिथे नाही, कारण आशियाई कलेचा सगळा संग्रह १९४५ मध्ये गिमे संग्रहालयाकडे सोपवला गेला. तिथे अमरावतीची शिल्पं आहेत, गांधारची आहेत, चोळ काळातला काशाचा नटराज आहे, शिवाय कंबोडियातली अंगकोरची शिल्पं इतकी आहेत की एक सकाळ सहज जाते. मेट्रोच्या ९ क्रमांकाच्या मार्गावर इएना स्थानकाच्या दारातच इमारत आहे. लूव्रच्या मानाने लहान, शांत, बसायला जागा भरपूर. तेही मंगळवारी बंद. सकाळी १० ला उघडतं, आणि तुमचं परतीचं विमान गुरुवारी रात्रीचं आहे.